बोलका पडदा मुका होतो तेव्हा

दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर काम कशी करते, याचे आता फारसे नवल राहिलेले नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे ‘जॉज’ हे स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आले. ते महाग असल्याने ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर तयार करायला घेतले. पत्रे लिहिणे, ईमेल वाचणे, हिशेबाचे तक्ते भरणे ही कामे अशा साधनांमुळे कोणाच्या मदतीविना होऊ लागली. अडचण सुरू होते ती चौघांनी मिळून काम करायचे ठरल्यावर.

‘झूम’ किंवा ‘टीम्स’वरील बैठकीचेच पाहा. सहकारी आपला पडदा ‘शेअर’ करतो आणि म्हणतो, ‘हा आकडा बघा.’ तक्ता सर्वांपर्यंत पोहोचतो, पण चित्र म्हणून. त्यात अक्षरे नसतात, रंगीत ठिपके असतात. स्क्रीन रीडरने वाचावे असे तेथे काहीच नसते. त्यातच चॅटमध्ये संदेश येऊ लागले की यंत्राचा आवाज वक्त्याच्या आवाजावर चढतो. इतरांचे डोळे व कान जे काम वाटून घेतात, त्याचा सारा भार येथे एकट्या कानांवर पडतो.

सामायिक दस्तऐवजाचे दुखणे निराळे. दुसऱ्याने केलेला बदल डोळसांना रंगीत कर्सरवरून कळतो. तो आवाजाने किती सांगावा? प्रत्येक अक्षर सांगितले तर लिहिणे अशक्य. काहीच न सांगितले तर दुसऱ्याचे लिखाण नकळत पुसले जाण्याची भीती. बदल तत्काळ सांगायचा की चालू वाक्य संपल्यावर, हे ठरवण्याची सोय प्रोग्रामरकडे असते. ती वापरण्याची आठवण मात्र हवी. बटणाला नाव द्यायचे राहून गेले, तर नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. त्याने माइक बंद होईल की बैठकच सुटेल, हे दाबल्यावरच कळणार!

‘टीम्स’मधील ‘पॉवरपॉइंट लाइव्ह’ने स्लाइड मजकुरासह पाठवता येते. फाइल आधी पाठवणे आणि आकडा तोंडाने उच्चारणे, याला तर पैसाही लागत नाही.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी किमान १ टक्का जागा राखल्या. डिजिटल सेवांचा वापर करता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. तरीही नवे सॉफ्टवेअर विकत घेताना ते स्क्रीन रीडरवर कोणी तपासून पाहिलेच असेल, याची खात्री नसते. मग काल होणारे काम आज अडते, आणि दोष कर्मचाऱ्याच्या खात्यावर जमा होतो.