हीट पंप नवा, तरी नळाला गरम पाणी उशिरा का?

नवी दिल्ली : घराचे नूतनीकरण करताना प्रत्येक स्नानगृहातील जुना गिझर काढून टाकायचा आणि संपूर्ण घरासाठी गच्चीवर किंवा मागच्या सज्जात एकच हीट पंप बसवायचा, हा पर्याय शहरांतील काही कुटुंबे आता निवडू लागली आहेत. विजेचे देयक कमी होते, भिंतीवर लोंबकळणारा गिझर दिसेनासा होतो. तक्रार सुरू होते ती पहिल्या थंडीत. नळ उघडल्यावर मिनिटभर, कधी त्याहूनही अधिक काळ, थंडच पाणी येत राहते आणि नव्या यंत्रावर सारा राग निघतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक घरांत यंत्र आपले काम चोख करीत असते. उशीर होतो तो फरशीखाली आणि भिंतीत दडलेल्या नळीत.

हीट पंपाचे तत्त्व शीतकपाटाचेच, मात्र उलट्या दिशेने वापरलेले. बाहेरच्या हवेतील उष्णता शोषून ती पाण्याला दिली जाते. वीज खर्च होते ती मुख्यतः कॉम्प्रेसर चालवण्यासाठी. त्यामुळे अनुकूल हवामानात विजेच्या एका युनिटमागे सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. साध्या गिझरमध्ये एका युनिटमागे एकच युनिट मिळते. या काटकसरीची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. २०० लिटर पाणी १५ अंशांवरून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे ८ युनिट उष्णता लागते. २ किलोवॉट उष्णता देणाऱ्या पंपाला त्यासाठी चार तास लागतील. म्हणूनच हीट पंपासोबत मोठी टाकी असते आणि पाणी आधीच तापवून ठेवले जाते. टाकीतील पाणी संपल्यानंतर करावी लागणारी प्रतीक्षा हा या संथपणाचा परिणाम होय. टाकी भरलेली आणि तापलेली असतानाही नळाला गरम पाणी उशिरा येत असेल, तर त्याचे कारण वेगळे असते.

जुना गिझर नळाच्या डोक्यावरच होता. त्याच्यापासून नळापर्यंतचे अंतर हात-दीड हाताचे. हीट पंपाला मोकळी हवा लागते, त्याचा आवाजही होतो; म्हणून तो घराबाहेर जातो आणि सर्वांत दूरच्या स्नानगृहापर्यंतची नळी सहज २० मीटरची होते. पाऊण इंचाच्या सीपीव्हीसी नळीत दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावते. म्हणजे २० मीटरमध्ये ५ लिटर. एक इंची नळी असेल तर हाच आकडा ८ लिटरांच्या पुढे जातो. रात्रभरात हे सगळे पाणी थंड झालेले असते आणि ते बाहेर पडल्याशिवाय टाकीतील गरम पाणी नळापर्यंत पोहोचूच शकत नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी देणाऱ्या शॉवरला ८ लिटर बाहेर टाकण्यास ८० सेकंद लागतात. गरम पाण्याची काही उष्णता वाटेतील थंड नळीच तापवण्यात जाते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रतीक्षा या हिशेबापेक्षा थोडी जास्तच भरते.

नूतनीकरणात या अडचणीत नकळत भर घातली जाते. ‘पुढे दाब कमी पडायला नको’ म्हणून जाड नळी टाकली जाते. त्याच वेळी पाणी वाचवणारे नवे नळ बसतात. मिनिटाला ३ लिटर पाणी सोडणाऱ्या वॉश बेसिनच्या नळाला तेच ८ लिटर रिकामे करण्यास दोन मिनिटे चाळीस सेकंद लागतील. तोवर कोणी थांबत नाही. हात थंड पाण्यानेच धुतले जातात आणि टाकीतून निघालेले गरम पाणी नळीतच निवते.

आणखी एक दोष भारतीय घरांत विशेष आढळतो. नूतनीकरणाच्या वेळी दाब वाढवणारा पंप केवळ थंड पाण्याच्या वाहिनीवर बसवला जातो आणि गरम वाहिनी गच्चीवरील टाकीच्या नैसर्गिक दाबावरच चालते. एकाच दांड्याच्या मिक्सरमध्ये अधिक दाबाचे थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटते. अशा घरात कितीही थांबले तरी पाणी कोमटच राहते. दोन्ही वाहिन्यांना समान दाब देणे आणि मागे जाणारे पाणी रोखणारा एकदिशा व्हॉल्व्ह बसवणे, हा त्यावरचा उपाय आहे.

नेमका दोष कुठे आहे, हे शोधण्यास बादली आणि घड्याळ पुरेसे आहे. सकाळी घरात कोणी गरम पाणी वापरण्यापूर्वी दूरच्या स्नानगृहातील नळ फक्त गरम बाजूने पूर्ण उघडावा, पाणी गरम होईपर्यंतचा वेळ आणि बादलीत साचलेले पाणी मोजावे. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने टाकीच्या तोंडाशी नळीला जपून हात लावून पाहावा. तेथे नळी लगेच तापली, तर हीट पंप दोषमुक्त. बादलीत ५-८ लिटर पाणी साचल्यावर गरम धार आली, तर दोष अंतराचा. धार शेवटपर्यंत कोमटच राहिली, तर मिक्सर आणि दाब तपासावा.

उपायांत सर्वांत स्वस्त उपाय फरशी बसण्यापूर्वीच करता येतो. टाकी सर्वाधिक वापराच्या स्नानगृहाजवळ आणावी आणि प्रत्येक स्नानगृहाला टाकीपासून स्वतंत्र, अर्ध्या इंचाची नळी द्यावी. या नळीत मीटरमागे जेमतेम १२० मिलिलिटर पाणी मावते. २० मीटरची प्रतीक्षा शॉवरला २४ सेकंदांवर येते. मात्र सर्वांत वरच्या मजल्यावर, जेथे पाण्याची टाकी नळापेक्षा काही फूटच उंच असते, तेथे बारीक नळीतून धारच क्षीण होईल, याचा विचार आधी व्हायला हवा. नळीवरील उष्णतारोधक आवरणाने सकाळची पहिली प्रतीक्षा टळत नाही. एकामागून एक होणाऱ्या आंघोळींत मात्र त्याचा उपयोग जाणवतो.

भिंती बंद झाल्या असतील, तर नळीतील थंड पाणी टाकीकडे परत नेणारा छोटा फिरता पंप बसवता येतो. तो चोवीस तास चालू ठेवणे मात्र घातक ठरते. सतत परतणाऱ्या पाण्यामुळे टाकीतील वरचे गरम व खालचे थंड असे थर ढवळले जातात, नळ्यांतून उष्णता वाया जाते आणि हीट पंपाची तिपटीची काटकसर त्यातच विरून जाते. बटण दाबल्यावर चालणारा आणि गरम पाणी पोहोचताच थांबणारा पंप हवा. बेसिनपुरता ३ लिटरचा गिझर जवळ बसवण्यातही कमीपणा नाही. शॉवरसाठी तो अपुराच पडतो, कारण नळीतील थंड पाणी संपण्यापूर्वी तोच रिकामा होतो.

या प्रतीक्षेत वीज फारशी जात नाही. नळीत निवलेल्या ८ लिटरांमागे हीट पंपाचा खर्च युनिटच्या दहाव्या भागाइतकाच असतो. पाण्याचा हिशेब मात्र मोठा आहे. दिवसातून पाच वेळा ८ लिटर सोडून दिले, तर ४० लिटर होतात. केंद्राच्या मानकानुसार शहरांत माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा अपेक्षित आहे. त्यातला जवळपास एका माणसाचा ३० टक्के वाटा गरम धारेची वाट पाहण्यात मोरीत जातो. उन्हाळ्यात टँकरवर विसंबणाऱ्या वसाहतींत हेच पाणी विकत घेतलेले असते. नळ्यांमध्ये बदल होईपर्यंत पहिली धार बादलीत धरून ती फरशी पुसण्यास किंवा झाडांना वापरणे, एवढे तरी कोणत्याही घरात आजच करता येते.