धार उन्हातली, धार बर्फातली

डोंगरधारेवर निघालेल्या माणसाला एक प्रश्न दिवसभर पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो: दोर आता काढायचा की नाही? उभ्या कड्यावर पहिल्या पावलालाच दोर बांधलेला असतो, आणि पायवाटेवर त्याची आठवणही होत नाही. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे स्क्रॅम्बलिंग. अरुंद माथ्यावरून, दोन्ही बाजूंना दरी असताना, हातांनी खडक धरत पुढे सरकायचे. आपले ट्रेकर कातळटप्प्यांवर हेच करतात. पण त्याच्या वेगळ्या श्रेणी आणि सव्वाशेहून अधिक वर्षांची परंपरा घडली ती ब्रिटनमध्ये, त्यातही स्कॉटलंडमध्ये. तिथला सर्वांत उंच बेन नेव्हिस १,३४५ मीटरचा, आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरने बुटका. मात्र हे डोंगर ५७ अंश अक्षांशाच्या आसपास, अटलांटिकच्या वाऱ्यात उभे आहेत. त्यामुळे एकाच धारेची वर्षातून दोन रूपे होतात, आणि माझ्या मते या कलेतले मर्म त्या दोन रूपांमधल्या फरकातच आहे.

स्काय बेटावरची क्युलिन धार सगळ्यांत मोठी. मुख्य धार अकरा-बारा किलोमीटरची, तिच्यावर ३,००० फुटांहून उंच अशी अकरा शिखरे, चढउतार मिळून तीन हजार मीटरांहून अधिक, आणि वाटेत पाणी जवळजवळ नाही. तिचा दगड मराठी माणसाने मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तिथेही आपल्या दख्खनसारखे लाव्हाचे थर पसरले. स्कायच्या उत्तर भागातले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर पाहिले तर सह्याद्रीची आठवण व्हावी. क्युलिन मात्र त्या ज्वालामुखीच्या पोटातली जागा. जो शिलारस वर न येता खोल जमिनीत सावकाश थिजला, त्याचा गॅब्रो झाला, आणि वरचे आवरण झिजल्यावर तो उघडा पडला. हा खडक इतका खरखरीत की बूट सहसा घसरत नाही, पण बोटांची साल निघते. त्याच्यातून बसाल्टच्या भिंती आरपार गेल्या आहेत; त्या गुळगुळीत, आणि ओल्या झाल्या की भरवशाच्या राहत नाहीत. शिवाय खडकात लोह असल्याने होकायंत्राची सुई भरकटते. धुक्यात मग नकाशा, नजर आणि वाटाड्या यांच्यावरच भिस्त.

असा वाटाड्या होता जॉन मॅकेन्झी. स्कायचाच छोटा शेतकरी. त्याची आणि नॉर्मन कॉली या रसायनशास्त्रज्ञाची मैत्री दोघांच्या शेवटापर्यंत टिकली. स्ट्रुअन गावच्या दफनभूमीत दोघांची थडगी शेजारी शेजारी आहेत, आणि धारेवरच्या एका शिखराला मॅकेन्झीचे नाव आहे. कॉली हिंदुस्थानातही आला होता: १८९५ साली ममरी या गिर्यारोहकाबरोबर नंगा पर्बतावर. त्या मोहिमेत ममरी, रघुबीर थापा आणि गोमान सिंग परतले नाहीत. त्यांना साथ देणारा गुरखा पलटणीतला अधिकारी चार्ल्स ब्रूस पुढे १८९९ साली हरकबीर थापा या गुरखा जवानाला घेऊन स्कायला गेला. हरकबीर स्लिगाखनच्या हॉटेलापासून अनवाणी निघाला, ७७५ मीटर उंचीच्या ग्लामेगचा माथा गाठून ५५ मिनिटांत परत आला. त्या डोंगरावर आजही दर वर्षी शर्यत होते. ब्रिटिश गिर्यारोहणाच्या इतिहासात हरकबीरला याहून ठळक जागा मिळायला हवी होती.

क्युलिनची सबंध धार सलग पहिल्यांदा पार केली ती शॅडबोल्ट आणि मॅक्लारेन या जोडीने, १९११ च्या जूनमध्ये, जवळपास सतरा तासांत. जूनच का, हे उघड आहे: तेव्हा तिथे सतरा तासांहून जास्त उजेड असतो. उन्हाळ्यात बहुतेक जण दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, कारण अवघड टप्पे त्या दिशेने चढताना येतात. याच वाटेवरच्या इनॅक्सेसिबल पिनॅकल या दगडी पात्याची पूर्वेकडची धार पिल्किंग्टन बंधूंनी १८८० मध्ये चढली. पकडी मोठ्या, चढण सोपी, पण दोन्हीकडे खाली काहीच नाही. पलीकडून रॅपलिंग करून उतरायचे.

इतक्या लांब धारेवर प्रत्येक टप्प्याला थांबून बिले (साथीदाराला दोराचा आधार) देत बसले तर रात्र होते. म्हणून दोघे एकाच वेळी चालतात, मध्ये थोडाच दोर ठेवतात, आणि तो दगडांच्या शिंगांमागून कधी डावीकडून, कधी उजवीकडून ओवत जातात. एक घसरला तर दोर दगडाला अडावा. बर्फाच्या निमुळत्या धारेवर असे शिंगच नसेल तर जुना उपाय असा, की एक जण एका बाजूला कोसळताच दुसऱ्याने विरुद्ध बाजूला उडी घ्यायची. हे ऐकायला भयंकर वाटते, पण तिथे तोच शहाणपणा.

ग्लेन्कोची ऊनाख एगाख ही धार याहून छोटी, पण तिचा धडा वेगळा. स्क्रॅम्बलिंगच्या तीन श्रेणींत ती दुसऱ्या श्रेणीत बसते. एकदा मधल्या दातेरी भागात शिरलात की दक्षिणेकडे सुरक्षित उतार नाही. पुढे जायचे किंवा आल्या वाटेने मागे. खाली मोटाररस्ता दिसत असतो, आणि त्या रस्त्याच्या ओढीने मधूनच उतरू पाहणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

हिवाळ्यात याच धारांवर डिसेंबरचा उजेड जेमतेम साडेसहा-सात तास. पकडी बर्फाखाली गाडलेल्या, कडेला वाऱ्याने बांधलेले पोकळ छज्जे, ज्यांच्यावर पाऊल पडले तर छज्ज्यासकट माणूस जातो. हातात आइस अ‍ॅक्स, बुटांना क्रॅम्पॉन. बेन नेव्हिसची टॉवर रिज पाहा. १८९२ मध्ये हॉपकिन्सन बंधू ती वरून खाली उतरले. १८९४ च्या मार्चमध्ये कॉली, सॉली आणि कॉलियर बर्फातून ती चढून गेले. उन्हाळ्यात तिची श्रेणी ‘डिफिकल्ट’, म्हणजे नाव काहीही असले तरी प्रस्तरारोहणाच्या अगदी खालच्या पायऱ्यांपैकी एक. हिवाळ्यात तिला दोन आकडे मिळतात: चार आणि तीन. पहिला आकडा सगळ्या मोहिमेच्या गांभीर्याचा, दुसरा सर्वांत अवघड हालचालीचा. दुसरा पहिल्यापेक्षा लहान असला की समजावे, इथे हातांची कसोटी मध्यम आहे, पण धार लांब आहे आणि माघार कठीण. आणि लांब चढाईनंतर, अगदी वरच्या भागात, ईस्टर्न ट्रॅव्हर्स आणि टॉवर गॅप या नाजूक जागा येतात. उशिरा निघालेली जोडी तिथे अंधारात सापडते. ही दोन आकड्यांची पद्धत मला गिर्यारोहणातल्या सर्वांत प्रामाणिक शोधांपैकी एक वाटते.

क्युलिनची सबंध धार हिवाळ्यात पार व्हायला १९६५ साल उजाडले. टॉम पेटी, हॅमिश मॅकइनिस, डेव्हिड क्रॅब आणि ब्रायन रॉबर्टसन यांना दोन दिवस लागले. मधली रात्र धारेवरच काढली. समुद्र जवळ असल्याने तिथला बर्फ टिकत नाही, कडक होऊन बसत नाही, त्यामुळे योग्य दिवसाची वाट पाहण्यातच हिवाळे निघून जातात. हिवाळ्यात दिशाही अनेकदा उलटी घेतात, उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे चढायला कठीण ते टप्पे दोरावरून उतरून जाता येतात.

आपल्याकडे दिवाळीनंतर चढाईचा हंगाम सुरू होतो, तेव्हा हे मुद्दाम सांगावेसे वाटते. किल्ल्यांच्या माहितीत आपण सोपी, मध्यम, कठीण असा एकच शब्द बाराही महिन्यांसाठी लिहितो. जानेवारीत कोरडा, तापलेला बसाल्ट आणि जुलैत शेवाळलेला तोच टप्पा, दोघांना एकच श्रेणी. गवताळ मुरमाड घसाऱ्याचे तर दोन ऋतूंत काहीच जुळत नाही. राजगड-तोरणा धारेसारख्या लांब चालीला किंवा अलंग-मदन-कुलंगसारख्या दोर लागणाऱ्या वाटांना कोरड्या आणि ओल्या दिवसांची वेगळी श्रेणी द्यावी, पाणी कुठे संपते ते लिहावे, मधून कुठे उतरता येते आणि कुठे मुळीच उतरू नये तेही लिहावे. हे काम आपल्या गिर्यारोहण संस्थांना येत्या हंगामातच सुरू करता येईल; माहिती त्यांच्या जुन्या सभासदांच्या वह्यांत आणि घाटवाटांवरच्या गावकऱ्यांच्या बोलण्यात आजही आहे.