टिपणवहीचा वेब-घटक

वाचनाला टिपणाची जोड नसेल, तर वाचलेले फार काळ स्मरणात राहत नाही. दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर (पूर्वी यास कर्झन रोड म्हणत) मॅक्सम्यूलर भवन, अमेरिकन सेंटर अशा संस्थांची ग्रंथालये आहेत. ग्रंथालयात बसून एकाच मापाच्या कार्डांवर टिपणे काढण्याची अभ्यासकांची जुनी रीत आहे. माप एक असल्यामुळे कोणतेही कार्ड कोणत्याही खणात बसते. टिपण संगणकाच्या पडद्यावर लिहावयाचे झाले, तरी हेच तत्त्व उपयोगी पडते.

एखाद्या विद्यालयाच्या संकेतस्थळावर १०० धडे असून प्रत्येक धड्याखाली टिपणाची चौकट हवी आहे, असे समजू. तीच आज्ञावली १०० पानांवर उतरविली, तर एक चूक १०० ठिकाणी सुधारावी लागेल. यावरील उपाय म्हणजे वेब-घटक. एकदा घडवून हवा तेथे बसवावयाचा भाग. ही कल्पना अॅलेक्स रसेल यांनी २०११ साली मांडली. सर्व प्रमुख ब्राउझरांत ती रूढ होईपर्यंत २०२० साल उजाडले.

घटकाची तीन अंगे असतात. पहिले अंग नाव. ते रोमन लहान अक्षराने सुरू व्हावे व त्यात निदान एक संयोगचिन्ह असावे, असा नियम आहे. त्यामुळे ब्राउझरच्या मूळ घटकांशी गल्लत होत नाही. दुसरे अंग साचा. लिहिण्याची पेटी, जतन करण्याचे बटण आणि अक्षरमोजणी यांची मांडणी त्यात असते. तिसरे अंग ‘शॅडो डॉम’. हे जणू घटकाभोवतीचे कुंपण होय. पानाचे सजावटीचे नियम आतील पेटीला वा बटणाला थेट लागू होत नाहीत आणि आतील नियम बाहेर पसरत नाहीत.

बाहेरच्या पानाशी घटकाचा व्यवहार मोजकाच असावा. पानाने धड्याचा क्रमांक द्यावा. टिपण पुरे झाल्याची वर्दी घटकाने पानास द्यावी. ते ब्राउझरच्या साठ्यात ठेवावयाचे की विद्यालयाच्या सर्व्हरवर, हे पानाने ठरवावे. असे केले, म्हणजे तोच घटक दुसऱ्या संकेतस्थळावरही जसाच्या तसा चालतो.

खरी कसोटी लागते ती मराठी लिहिताना. ‘शिक्षिका’ या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात; युनिकोडात मात्र त्याचे आठ संकेत होतात. संकेत मोजणारा घटक आठ हा आकडा दाखवील, आणि मर्यादा चारची असल्यास शब्द ‘शिक्’ येथेच तोडील. म्हणून मोजणी संकेतांची न करता अक्षरपुंजांची करावी. त्यासाठी लागणारी सोय आता ब्राउझरांतच आहे. देवनागरी जोडाक्षर हा एकच पुंज मानावा, हा नियम युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या नियमाने ‘क्षि’चे दोन तुकडे पडत.

पुनर्वापर हे दुधारी शस्त्र आहे. केवळ इंग्रजी लिहून पारखलेल्या घटकातील दोष त्याच्याबरोबर प्रत्येक पानावर जातो; परंतु मूळ घटकात केलेली एकच दुरुस्तीही तितक्याच पानांवर पोहोचते. यास्तव चौकट पानावर बसविण्यापूर्वीच तीत ‘शिक्षिका’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘तऱ्हा’ असे शब्द लिहून पाहावेत. ते अखंड राहिले व अचूक मोजले गेले, तरच तो घटक मराठी विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.