आधी बॅटरी बघ

वायरलेस सेट बोलेनासा झाला तर दोष बहुधा सेटमध्ये नसतो. तो बॅटरीत असतो, हँडसेटच्या केबलमध्ये असतो, एरियलच्या जोडात असतो, आणि पुष्कळदा सेट चालवणाऱ्याच्या बोटांत असतो. हातात स्क्रूड्रायव्हर असून पेटी न उघडणं, हा फौजेतल्या रेडिओ मेकॅनिकचा पहिला धडा. आमच्या इंदूरच्या कॉलनीत राहणारे निवृत्त सुभेदारकाका हा धडा अजून गिरवतात. कोणी काहीही दुरुस्तीला आणलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पॉवर कुठून घेतो हा?"

काका इकडे आले ते महूमुळे. इंदूरहून तेवीस-चोवीस किलोमीटरवर महू. मराठी वाचकाला हे गाव माहीत असतं ते १४ एप्रिल १८९१ या बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मतारखेमुळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथे लष्करी शाळेत शिकवत होते. २००३ मध्ये गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं, पण रिक्षावाला अजून महूच म्हणतो. आम्हा इंदूरकरांना मात्र महू म्हणजे आधी छावणी. इन्फन्ट्री स्कूल तिथे, वॉर कॉलेज तिथे आणि सिग्नल्सचं कॉलेजही तिथेच. १ ऑक्टोबर १९४६ ला 'इंडियन सिग्नल कोअर स्कूल' म्हणून ते सुरू झालं. पुढे 'स्कूल ऑफ सिग्नल्स' आणि १९६७ पासून 'मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग'. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे 'एमसीटीई' म्हणतात. रविवारी छप्पन दुकानवर बारीक कापलेल्या केसांची, इस्त्रीच्या शर्टातली मुलं घोळक्याने दिसली तर त्यातली निम्मी याच छावणीतली समजावीत.

सिग्नल्स म्हणजे फौजेचं दळणवळण खातं. १५ फेब्रुवारी १९११ हा त्यांचा स्थापनादिवस. तारा ओढण्यापासून उपग्रहापर्यंत जे काही एका तळाचा शब्द दुसऱ्या तळाला पोचवतं ते यांच्याकडे. ब्रीद 'तीव्र चौकस', आणि खूण म्हणजे पायाला पंख असलेला रोमन देव मर्क्युरी, ज्याला फौजेत सगळे लाडाने 'जिमी' म्हणतात.

काका सातारा जिल्ह्यातले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विज्ञान घेऊन शिकत असताना भरतीला उभे राहिले आणि सिग्नल्समध्ये लागले. जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आधी परेड, मग ट्रेड. (सिग्नल्सचं असंच दुसरं केंद्र पणजीला आहे. तिथे पाठवलं असतं तर समुद्र दिसला असता, ही त्यांची जुनी हळहळ.) राजस्थान, काश्मीर, श्रीलंका, पुन्हा डोंगर असं फिरत हवालदार झाले. मग महूला 'फोरमन ऑफ सिग्नल्स'चा कोर्स केला. तांत्रिक हुद्द्यांत याला मोठा मान. युनिटमधली कुठलीही पेटी का बोलत नाही, याचं अखेरचं उत्तर फोरमनने द्यायचं असतं. मुलांच्या शाळा इंदूरला सुरू झाल्या, गल्लीत मराठी बोलणारे शेजारी मिळाले आणि पेन्शन आल्यावर ते इथेच राहिले.

जबलपूरला सर्वांत आधी हातात आली ती सोल्डरिंगची गन. तारेचं टोक खरवडायचं, कथलाचा पातळ हात द्यायचा, दोन टोकं एकमेकांत नीट अडकवायची. मग गरम करायचा तो जोड, कथील नव्हे. जोड तापला की कथील आपण होऊन पाण्यासारखं पसरतं. उस्ताद चिमट्याने प्रत्येक जोड ओढून बघे. जोड चकचकीत दिसला तर पास, वरून राखाडी आणि दाणेदार दिसला तर पुन्हा. त्या राखाडी जोडाचं नाव 'ड्राय जॉइंट'. टेबलावर तो उत्तम चालतो. गाडीत ठेवून शंभर किलोमीटर कच्च्या रस्त्याने नेला की सेट मध्येच बोलतो, मध्येच गप्प होतो. काकांच्या मते पूर्ण मेलेला सेट सोपा, अधूनमधून जिवंत होणारा सेट माणसाला म्हातारा करतो.

त्यांच्या तरुणपणीचा सेट म्हणजे पाठीवर घ्यायचा 'एएन-पीआरसी २५'. मूळ अमेरिकन, आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला. वर यंत्र, खाली बॅटरीचा डबा, दोन बाजूंना चिमटे. बॅटरीसकट दहा-एक किलो. ३० ते ७६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ९२० चॅनेल. आतलं सगळं ट्रान्झिस्टरवर, फक्त शेवटच्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह. ताकद दीड-दोन वॅट, म्हणजे शून्य वॅटच्या बल्बपेक्षाही कमी. एवढ्यावर आठ किलोमीटरपर्यंत बोलता यायचं, मध्ये डोंगर नसेल तर.

या सेटच्या हँडसेटला बोलताना दाबायचं एक बटण असतं. फौजेत त्याला 'प्रेसल' म्हणतात. प्रेसल दाबलं की सेट पाठवतो, सोडलं की ऐकतो. समजा एखाद्या जवानाच्या हँडसेटमध्ये वाळू गेली आणि प्रेसल दाबलेलंच राहिलं. त्याचा सेट अखंड पाठवत राहतो आणि त्या फ्रीक्वेन्सीवरचं अख्खं नेट बंद पडतं. कंपनी कमांडर ओरडतोय, पण ऐकणार कोण? ज्याच्यामुळे हे झालं त्याला तर काहीच कळत नाही, त्याला वाटतं आज भलतीच शांतता आहे. अशा वेळी मेकॅनिक एकेक डिटॅचमेंट गाठतो आणि हँडसेट काढून बघतो. दुरुस्ती काय, तर फुंकर आणि कापडाची चिंधी.

श्रीलंकेबद्दल काका मोजकं बोलतात. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्यात भारतीय शांतिसेनेची लढाई सुरू झाली तेव्हा आपल्या सेटवरचं बोलणं उघडं होतं, आणि समोरचे बंडखोर ते ऐकत होते. हा दोष कुठल्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येण्यासारखा नव्हता. "सेट ओके होते," एवढंच ते म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या टेबलाशी बसून एक दुरुस्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. लोकमान्यनगरातल्या कोणाच्या तरी आजोबांचा मर्फी रेडिओ, व्हॉल्व्हचा. दिवा लागत होता, आवाज नव्हता. घेऊन आलेल्या मुलाने आधी महाराणी रोडवर दाखवला होता, तिथे "भिया, इसका पार्ट नहीं आता" म्हणून परत पाठवला.

काकांनी आधी वायर बघितली, मग प्लग, मग फ्यूज. नंतर मागचा पुठ्ठा काढला आणि काही वेळ नुसतेच बघत बसले. कुठे जळाल्याचा वास, कुठे फुगलेला कंडेन्सर, कुठे उंदराने कुरतडलेली तार. मग रेडिओ चालू केला. डावा हात पँटच्या खिशात गेला. मला वाटलं रुमाल काढताहेत.

"आत अडीचशे व्होल्ट आहेत," ते म्हणाले. "दोन्ही हात आत घातलेस तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, छातीतून. एक हात खिशात. जबलपूरला यासाठी काठी खाल्लीय."

उजव्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी आवाजाच्या बटणामागच्या मधल्या टोकाला टेकवलं. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज आला. "पुढचं अर्धं घर ठीक." म्हणजे तिथून स्पीकरपर्यंत सगळं जिवंत, दोष अलीकडच्या अर्ध्यात. आता त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. पार्ट शंभर असले तरी सहा-सात पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो, असं या पद्धतीचं गणित आहे.

पुढची पायरी मला जादूच वाटली. त्यांनी मर्फीचा काटा ६४८ वर नेला, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या जुन्या जागेवर. मग आपला खिशातला ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून ११०० च्या आसपास लावला. अशा रेडिओच्या पोटात एक छोटा ऑसिलेटर असतो आणि तो स्टेशनच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. ६४८ अधिक ४५५, ११०३. मर्फीचा ऑसिलेटर जिवंत असेल तर त्या जागी शेजारच्या ट्रान्झिस्टरची खरखर एकदम दबायला हवी. दबली नाही. "हा मेलाय."

मी म्हटलं, "मग व्हॉल्व्ह गेला असेल."

"असेल. पण व्हॉल्व्ह महाग, आणि बँड स्विच फुकट. आधी फुकटचं बघ."

बँड स्विचच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून त्यांनी एकेक पट्टी पुसली. मग मीडियम, शॉर्ट वन, शॉर्ट टू असा स्विच पंधरा-वीस वेळा फिरवायला लावला, तेवढं काम मला मिळालं. पुन्हा दोन्ही रेडिओ शेजारी ठेवले. मर्फीचा काटा हळूहळू सरकवला आणि एका जागी ट्रान्झिस्टरची खरखर बसली. थोड्या वेळाने मर्फीतून कुठलंसं दूरचं स्टेशन बोलायला लागलं. एकही पार्ट बदलला नव्हता. काकांनी पैसे घेतले नाहीत, मुलाला मात्र दहा मिनिटं ऐकवलं की रेडिओ फ्रिजवर ठेवू नये.

एरियल हा काकांचा खास आवडीचा विषय, आणि इथे त्यांना थांबवणं अवघड. फ्रीक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये धरा, पंचाहत्तरला तिने भागा, पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. पन्नासला दीड मीटर, ते पाठीवर मावतं. चारला जवळपास एकोणीस मीटर, त्याला झाडं लागतात किंवा खांब. राजस्थानात झाडं नसतात आणि जमीन इतकी कोरडी की अर्थिंगचा खुंटा ठोकून उपयोग होत नाही. तिथे जमिनीलगत तारा पसरून त्यांनाच जमीन मानायचं. हिमालयात उलटी अडचण. पाठीवरच्या सेटची लहर पलीकडच्या खोऱ्यात जात नाही. तिथे कमी फ्रीक्वेन्सीचा सेट घेऊन तार मुद्दाम बुटकी, आडवी बांधायची, म्हणजे लहर सरळ वर जाते आणि आयनांच्या थराला आपटून डोंगरापलीकडे उतरते. दिवसाची फ्रीक्वेन्सी रात्री चालत नाही, कारण सूर्य गेला की थर विरळ होतो, मग खालची घ्यावी लागते. हे वेळापत्रक ज्याला कळत नाही तो रात्रभर सेट उघडून बसतो.

आणि थंडी. पूर्ण चार्ज झालेली शिशाची बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या सुमारास गोठते आणि डबा तडकतो. म्हणून चौकीवर चार्जिंगचं इंजिन ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी कोणी भांडत नाही. काका हायड्रोमीटर घेऊन रोज प्रत्येक सेलची घनता वहीत लिहीत. १.२८० ला भरलेली, १.१२० ला संपलेली. पीआरसीच्या कोरड्या बॅटऱ्या जवान रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपत.

आता तो धंदा तसा उरलेला नाही. नव्या सेटची फ्रीक्वेन्सी सेकंदाला अनेकदा बदलते, बोलणं सांकेतिक होऊन जातं, आणि बिघाड झाला तर यंत्र स्वतःच सांगतं की अमुक कार्ड खराब. कार्ड काढा, दुसरं घाला, जुनं वर्कशॉपला पाठवा. काकांना याचं दुःख वगैरे नाही. जाफना आठवत असलेला माणूस उघड्या सेटसाठी रडणार नाही. त्यांची तक्रार वेगळीच आहे : कार्ड बदलणारी मुलं कनेक्टर पुसत नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला. त्याचंही मूळ महूलाच. देशाचा हौशी रेडिओ क्लब १५ मे १९४८ ला तिथल्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये सुरू झाला, दिल्लीला गेला तो नंतर. काकांच्या गच्चीवर सात मेगाहर्ट्झसाठी वीस मीटर तार ताणलेली आहे आणि संध्याकाळी ते नागपूर, पुणे, कधी कोलंबोशी बोलतात. अडचण एकच, गल्लीतले एलईडी दिवे. स्वस्त दिव्यातलं सर्किट इतकी खरखर सोडतं की समोरच्याचा आवाज बुडतो. मग काका ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत निघतात. आतला फेराइटचा दांडा ज्या दिशेला रोखला की खरखर सर्वांत कमी होते, त्या रेषेत दोषी घर. दार वाजवतात, "ताई, तुमचा पोर्चचा दिवा जरा बंद करता का," म्हणतात, आणि खात्री झाली की दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने चांगल्या कंपनीचा दिवा आणून लावून देतात. काकूंचं म्हणणं आहे की पेन्शन शेजाऱ्यांच्या पोर्चमध्ये जाते. गल्लीत आता हे माहीत झालंय. परवा कोपऱ्यावरच्या घरातून निरोप आला की काका, तुमचा रेडिओ आमच्या बाथरूमच्या दिव्याबद्दल काही म्हणतोय का, तो लुकलुकतोय.