सात कलमं आणि एक कोरडी नदी

बीड आणि मासेमारी हे शब्द एकत्र आले की ऐकणारा क्षणभर थबकतो. ऊसतोड, टँकर, चारा छावण्या अशीच या जिल्ह्याची ओळख झाली आहे. पण उत्तरेला गोदावरी, मधून सिंदफणा, बिंदुसरा आणि कुंडलिका, दक्षिणेला मांजरा, पश्चिमेला आष्टीच्या कडेने सीना, एवढ्या नद्या असलेल्या मुलखात मासे धरणारे भोई-कोळी असणारच. त्यांनी मासे कशानं धरावेत आणि कशानं धरू नयेत, हे सांगणारा सरकारी कागदही कुठेतरी असणार. त्या कागदाचा शोध घेण्याचा नाद मला बरीच वर्षं आहे.

मूळ कागद 1897 चा. इंडियन फिशरीज अ‍ॅक्ट जेमतेम सात कलमांचा आहे. चौथ्या कलमानं पाण्यात सुरुंग उडवून मासे मारायला बंदी घातली, पाचव्यानं विष किंवा चुना टाकायला. दोन्ही गुन्ह्यांना शिक्षा एकच: दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे गरिबाला आयुष्यातून उठवणारी रक्कम होती. सहाव्या कलमानं सरकारला नियम करायचा अधिकार दिला. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, केवढा असावा, पाण्यात कायमचे सापळे रोवावेत की नाही, हे सरकार ठरवू शकत होतं. शिवाय एखाद्या ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवायची मुभाही त्यात होती. ही शेवटची तरतूद ध्यानात ठेवा.

हा कायदा बीडला लागू नव्हता, कारण बीड निजामाचं होतं. सीनेच्या पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा आणि अलीकडे निजामाची आष्टी, म्हणजे एकाच प्रवाहाच्या दोन काठांवर दोन कायदे. गेळफळ किंवा हिंगणबेट ठेचून डोहात टाकलं की मासे गुंगून वर येतात. हे या काठावर केलं काय आणि त्या काठावर केलं काय, माशाला फरक नव्हता. माणसाला मात्र होता.

निजामी मुलखाचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा आला तो 1357 फसली साली, म्हणजे 1947-48 मध्ये. रझाकारांच्या धुमाकुळात गावं पेटत असताना हैदराबादच्या दफ्तरात माशांचा कायदा तयार होत होता! पुढे पोलीस अ‍ॅक्शन, 1956 चं द्विभाषिक मुंबई राज्य आणि मग 1960 चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायदा. कलमं वाढली, पण सगळा रोख आस, विष आणि सुरुंगावरच राहिला.

हे असं का झालं, हे मला डॉ. फ्रान्सिस डे यांच्यामुळे कळलं. मद्रास लष्करातला हा सर्जन पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल झाला. त्याचा 'फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात. मला मात्र त्याचा 1873 चा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल जास्त मोलाचा वाटतो. त्यानं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना प्रश्न पाठवले. मासे कोण धरतं? पोटासाठी तेवढंच करतं की शेतीही करतं? जाळ्याचा आस केवढा? पावसात चढणीचे मासे आणि पिलं मारली जातात का? उत्तरं वाचताना दीडशे वर्षांपूर्वीचे नदीकाठ डोळ्यांसमोर उभे राहतात.

पण डेला या कामाला जुंपलं होतं ते भोयांच्या जाळ्यांमुळे नव्हे, सरकारच्या बंधाऱ्यांमुळे. दक्षिणेतले बंधारे समुद्रातून वर चढणाऱ्या पल्ला माशाची वाट अडवतात, अशी तक्रार झाली होती, आणि ती केली होती आर्थर कॉटननं. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारा तोच. डेनं बंधाऱ्यांतून माशांना वाट ठेवावी असं सुचवलं, बारीक आसाच्या जाळ्यांवरही कोरडे ओढले. 1897 च्या कायद्यात जाळी आली. बंधाऱ्यांतून माशांना ठेवायची वाट राहून गेली. माझ्या मते आपल्या नदीतल्या मासेमारीची सगळी दुर्दशा या एका गाळलेल्या गोष्टीतून सुरू होते.

गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये केली, उद्घाटन इंदिरा गांधींनी 1976 मध्ये. धरणात माशांसाठी वाट नाही. पैठणच्या उजव्या कालव्यानं गोदावरीचं पाणी थेट माजलगावच्या धरणात येतं आणि राक्षसभुवन, पुरुषोत्तमपुरीच्या पात्रात उन्हाळ्यात वाळू उरते. शेतकऱ्याला त्या पाण्याचा आधार आहे, हे कोण नाकारेल? पण नदीचं पाणी नदीला वळसा घालून गेलं की भोयाला धरणावर जावं लागतं आणि धरण मच्छीमार संस्थेला ठेक्यानं दिलेलं असतं. संस्थेचा सभासद असेल तर जाळं टाकायचं, नसेल तर काठावर उभं राहायचं.

धरणातला मासाही नदीचा नाही. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 मध्ये ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरींनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून जिरे, बीज, बोटुकली हे पिलांच्या वाढीचे टप्पे बीज केंद्रांत पार पडतात आणि बोटुकली धरणात सोडली जाते. चिलापी तेवढी कुणाच्या मदतीशिवाय वाढते आणि बाजार भरून टाकते.

नदीत जे उरलंय ते डोहांच्या आधारानं. वाम दगडांच्या कपारीत, शिंगटा तळाशी. मरळीच्या पिलांचा तांबूस घोळका श्वासासाठी वर येतो आणि त्याच्याखाली राखणीला आई-बाप असतात. अनुभवी माणूस घोळका पाहून नेमका तिथेच पाग फेकतो. जाळं हवेत गोल उघडतं, कडेचे शिशाचे मणी एकदम पाण्यावर आदळतात. आई-बाप गेले की पिलं एका दिवसात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. आसाचा कुठलाही नियम इथे कामाचा नाही, कारण धरलेला मासा पूर्ण वाढलेलाच असतो.

म्हणून 1897 मधली ती दोन वर्षांच्या बंदीची कल्पना आज पुन्हा काढावी, असं मला मनापासून वाटतं. सगळ्या नदीवर नको. मांजरथच्या सिंदफणा-गोदावरी संगमासारखे मोजके डोह निवडावेत. तेवढा काळ तिथल्या भोयांना धरणाच्या संस्थेत सभासदत्व द्यावं आणि पावसाळ्यात जायकवाडीतून थोडं पाणी नदीच्याच वाटेनं सोडावं. कुठले डोह उन्हाळ्यातही आटत नाहीत, हे काठावरच्या म्हाताऱ्या भोयांना तोंडपाठ आहे. मत्स्यव्यवसाय खात्यानं नकाशा काढायच्या आधी त्यांच्याकडे जावं.