तंटा मिटला म्हणजे काय झाले?

२००८-०९ साली मी दहावीत होतो. त्या वर्षी आमच्या गावातला एक तंटा मिटला. तो आमच्या घरचाच होता. गायरानातल्या दीड एकराच्या तुकड्यावर आबांनी ज्वारी केली होती. उभ्या पिकात गावातल्या एकाने गुरे घातली. आबा बोलायला गेले तर जातीवरून शिव्या देऊन त्यांना मारले. ते तालुक्याला पोलीस ठाण्यात निघाले, पण एसटीच्या थांब्यावरूनच त्यांना समजावून परत आणले. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर तंटामुक्त गाव समितीची बैठक बसली. वहीत नोंद झाली : 'गुरे चारण्यावरून किरकोळ वाद.' आबा चौथी शिकलेले. त्यांनी सही केली. दोघांच्या हातात नारळ देऊन फोटो काढला. पुढे गावाला पुरस्कार मिळाला, त्या पैशातून वेशीवर कमान उभी राहिली. आबांनी तो तुकडा पुन्हा पेरला नाही.

मी आता एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच. गेल्या वर्षी एका सामाजिक संस्थेने काही गावांत चालवलेल्या सलोखा प्रकल्पाचे मूल्यमापन आमच्या विभागाकडे आले, सोबत छापील प्रश्नावलीही आली. तिच्यातला पहिलाच प्रश्न असा : 'गेल्या वर्षभरात गावात किती तंटे झाले व त्यांपैकी किती मिटले?' तो वाचला आणि मला ती वही आठवली. शांततेच्या कार्यक्रमाचे मोजमाप कसे होते आणि ते कुठे फसते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नि विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे असे मला तेव्हापासून वाटते आहे. कारण आपण नेहमी मोजले जाणारे असतो, मोजणारे क्वचितच.

'शांतता' हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. आणि मग ठराव अमलात का येत नाही, याचे उत्तर काय मिळत राहिले? शांतता बिघडेल! १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ या एका शब्दाने विधिमंडळाचा ठराव अडवून धरला. ज्यांनी घरे जाळली त्यांनाच शांततेचे भाव ठरवू दिले गेले. तेव्हा 'या गावात शांतता आहे' असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की ती कोणाच्या खर्चाने आहे?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातल्या दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंट्यांची यादी करायची, जे तंटे कायद्याने आपसात मिटवता येतात ते सामोपचाराने मिटवायचे, नवे होऊ नयेत म्हणून उपाय करायचे. या साऱ्या कामाला एकूण २०० गुण. गाव आधी स्वतःचे मूल्यमापन करी, मग बाहेरची समिती तपासणीला येई, आणि ठरलेल्या गुणांवर गेलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत पुरस्कार मिळे.

या मोहिमेने काहीच भले केले नाही, असे मी म्हणणार नाही. भावाभावांच्या वाटणीचे, बांधाचे, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात कुजत पडलेले दावे पुष्कळ ठिकाणी मिटले, वकिलाच्या फीपायी जमीन विकणारी कुटुंबे वाचली. दोन बरोबरीच्या माणसांमधला तंटा सामोपचाराने मिटतो. अडचण तिथे सुरू होते जिथे दोघे बरोबरीचे नसतात. आमच्या गावच्या समितीत आमच्या वस्तीतलाही एक माणूस होता. तो सालगडी होता, आणि ज्याने गुरे घातली त्याच्याच वाड्यावर. त्या बैठकीत तो काय बोलणार होता?

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. त्याखालच्या गुन्ह्यात गावपातळीवर तडजोड करण्याची मुभा कायदा देत नाही, आणि मोहिमेच्या कागदांतही अशा गुन्ह्यांना जागा नव्हती. पण गुन्हा हा गुन्हा केव्हा ठरतो? ठाण्यात नोंदवला गेल्यावर. एसटीचा थांबा आणि ठाणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात अत्याचाराचे 'किरकोळ वाद' असे नामांतर होते. हे नामांतर मात्र एका संध्याकाळीत पार पडते, त्याला पंधरा वर्षे लागत नाहीत.

भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. पुढे काही वर्षांतच याच गावाला तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला. अनेकांनी याला क्रूर विनोद म्हटले. मला तो विनोद वाटत नाही, तो मोजपट्टीचा सरळ हिशेब वाटतो. तंटा करणारे एक घर गावात उरलेच नाही, मग यादीत तंटा येणार कोठून? वहीत जे लिहिले गेले त्याचीच बेरीज जी मोजपट्टी करते, ती अशा गावाला गुण देणारच.

मूल्यमापनाच्या शास्त्रातली पहिली गोष्ट म्हणून हीच सांगतो. तक्रारींची संख्या घटली, याचे दोन अर्थ संभवतात : अन्याय घटला, किंवा तक्रार करण्याची हिंमत घटली. संख्या वाढली तर त्याचेही दोन अर्थ. एखाद्या तालुक्यात चांगला अधिकारी आला, कार्यकर्ते उभे राहिले, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत नोंदलेले गुन्हे वाढतात. ते अपयश नव्हे, ती दबलेली वाफ आहे. आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. ठाण्यात जायला निघालेल्यांपैकी किती जण पोचले? पोचलेल्यांपैकी किती जणांची फिर्याद लिहून घेतली? लिहून घेतलेल्यांपैकी किती जणांना वर्षभरात गावात काम मिळाले?

दुसरी गोष्ट तुलनेची. कार्यक्रमानंतर गाव सुधारले म्हणजे कार्यक्रमामुळे सुधारले, असे होत नाही. पाऊस बरा झाला तरी भांडणे कमी होतात. शिवाय संस्था गावे निवडते ती बहुधा आधीच शहाणी असलेली, जिथे सरपंच चहा पाजतो अशी. म्हणून कार्यक्रम न झालेली सारखी गावेही बघावी लागतात, आणि जमल्यास कोणत्या गावात कार्यक्रम करायचा हे चिठ्ठी टाकून ठरवावे लागते.

हे प्रत्यक्ष केल्याचे एक उदाहरण आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे आहे. तिथे १९९१ ते २००२ यादवी युद्ध झाले, पन्नास हजारांवर माणसे मेली. मारणारे आणि ज्यांची माणसे मारली गेली ते, पुन्हा एकाच गावात राहू लागले. 'फंबुल टोक' नावाच्या तिथल्या संस्थेने गावोगाव शेकोटीभोवती सभा घेतल्या. क्रिओ भाषेत या नावाचा अर्थ 'घरातले बोलणे'. पीडिताने सर्वांसमोर झालेले सांगायचे, अपराध्याने कबुली द्यायची, क्षमा मागायची. सिलिअर्स, दुबे आणि सिद्दिकी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०० गावांतल्या २,३८३ माणसांना विचारपूस करून याचे मूल्यमापन केले. ते २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. कुठल्या गावांत सभा आधी घ्यायच्या हे चिठ्ठीने ठरले होते. नऊ महिन्यांनी आणि पुन्हा एकतीस महिन्यांनी पाहणी झाली.

काय आढळले? क्षमा वाढली, माजी लढवय्यांवरचा विश्वास वाढला, लोक एकमेकांच्या मदतीला अधिक जाऊ लागले, शाळा-दवाखान्यासाठी अधिक वर्गणी देऊ लागले. आपली प्रश्नावली असती तर इथेच थांबून पूर्ण गुण दिले असते. पण या अभ्यासकांनी आणखी एक प्रश्न विचारला होता : माणसाच्या मनाचे काय झाले? सभा झालेल्या गावांत खिन्नता, चिंता आणि जुन्या आघाताच्या यातना वाढलेल्या निघाल्या, आणि एकतीस महिन्यांनीही त्या टिकून होत्या. गाव सांधले गेले, पण त्यातली माणसे आतून अधिक दुखावली. जखम सर्वांसमोर उघडी केली, पण नंतर तिच्यावर पट्टी बांधायला कोणी थांबले नव्हते. याचा अर्थ बोलूच नये असा नाही. बोलायला लावणाऱ्याने पुढची जबाबदारी घ्यावी, असे त्या अभ्यासाचे म्हणणे आहे. मी तो वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मला नारळ धरून उभे असलेले आबा दिसत होते. फरक एवढाच, की तिथे अपराध्याला निदान तोंडाने कबूल तरी करावे लागले होते. आमच्याकडे दोघांनाही सारखाच नारळ मिळाला.

रुआंडातही एक असाच प्रयोग झाला. १९९४ च्या वंशसंहारानंतर, २००४ पासून, सलोख्याची एक रेडिओ श्रुतिका तिथे प्रसारित होऊ लागली. एलिझाबेथ पॅलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिचा परिणाम तपासून २००९ मध्ये मांडला. ऐकणाऱ्यांची स्वतःची मते फारशी बदलली नव्हती, पण समाजात काय चालते, काय चालत नाही, याविषयीची त्यांची समजूत बदलली होती आणि त्याप्रमाणे वागणेही. मला यात आपल्यासाठी बरेच काही दिसते. हृदयपरिवर्तनाची वाट आपल्याला पुष्कळ वर्षे दाखवली गेली. सवर्णाच्या हृदयात काय आहे हे मोजायच्या भानगडीत पडूच नये. हॉटेलात कप वेगळा ठेवला तर तो चालणार नाही, हे त्याला कळले आहे का, एवढे मोजावे.

म्हणून आम्ही ती छापील प्रश्नावली बाजूला ठेवली. संस्थेच्या माणसांना ते आवडले नाही. अहवालाला उशीर होईल असे ते म्हणाले, आणि झालाही. 'गावात सलोखा आहे का?' या प्रश्नाला सगळे 'आहे' म्हणतात, वस्तीतले तर जास्तच जोरात, विशेषतः दारात पोलीस पाटील उभा असेल तर. त्याऐवजी आम्ही साध्या गोष्टी विचारल्या. वस्तीतल्या लग्नाची वरात शेवटची केव्हा आणि कोणत्या रस्त्याने गेली? पाणी कोण कोठून भरते, पहिल्यांदा कोण भरते? मयत कोणत्या जागेवर नेता, पावसाळ्यात तिथे जायला वाट असते का? भांडणानंतर त्या शेतावर पुन्हा कामाला बोलावले का, की मजूर बाहेरून आणले? सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा असल्याचे २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले, पण त्याची ओळख अशा शेवटच्या प्रश्नातूनच पटते. बायकांना वेगळे बसवून विचारले. मुलींनी विचारले तेव्हा पाण्याच्या प्रश्नाची उत्तरे पुरुषांच्या उत्तरांशी जुळेनात, आणि जिथे जुळली नाहीत तिथेच खरी माहिती होती.

कोण विचारतो यालाही मोल आहे. माझे आडनाव ऐकल्यावर वरच्या आळीत एक उत्तर मिळते, वस्तीत दुसरे. दोन्ही ठिकाणी मी एकटा गेलो तर दोन्ही उत्तरे वाकडी. म्हणून जोड्या केल्या, मिश्र. एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारले, "सर, आपण वस्तीच्या बाजूचे आहोत ना, मग हे तटस्थपणाचे नाटक कशाला?" मी त्याला म्हणालो, बाजू आपली आहे म्हणूनच आकडा पक्का हवा, कच्चा आकडा आपल्याच अंगावर येतो.

अकरा गावे झाली. यादीतले बारावे गाव माझे निघाले. तिथे मी गेलो नाही, दुसऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली मुले पाठवली. त्यांनी आमच्या घरीही प्रश्न विचारले असतील. घरांना क्रमांक दिले आहेत, नावे नाहीत, आणि आमच्या घराचा क्रमांक कोणता हे मी विचारलेले नाही. अर्ज माझ्या टेबलावर आहेत. बांधाच्या भांडणानंतर जमीन पेरली का, या प्रश्नासमोर सात घरांनी 'नाही' असे लिहिले आहे.