सेनाधिकारी कुलगुरु

सैन्यांत आयुष्य वेंचलेल्या माणसाच्या हातीं विद्यापीठ सोंपवावें कीं नाहीं, हा प्रश्न नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील सेनापति जनरल आयसेनहॉवर १९४८ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हां तेथील कित्येक प्राध्यापकांनीं शंका घेतली होती. आपल्या देशांत लेफ्टनंट जनरल झमीरउद्दीन शाह २०१२ पासून २०१७ पर्यंत अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरु होते. महाराष्ट्रापुरतें पाहावयाचें, तर लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर ह्यांचें चरित्र ह्या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. तेथें त्यांनीं राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळविलें आणि १९८२ च्या डिसेंबरांत त्या लष्करी वैद्यकीय सेवेंत दाखल झाल्या. बालरोगशास्त्र, आणि त्यांतही लहान मुलांचे मूत्रपिंडाचे विकार, हा त्यांचा विशेष विषय. त्या विषयाचें रीतसर शिक्षण घेतलेल्या सैन्यांतील त्या पहिल्या डॉक्टर होत. पुणें व दिल्ली येथें त्या रोगांचे विभाग उभारण्यांत त्यांचा वाटा होता. पुढें त्या आपल्याच जुन्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं, करोनाच्या साथीच्या तोंडावर, त्या लेफ्टनंट जनरल झाल्या आणि तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयांत वैद्यकीय उपप्रमुखपद त्यांच्याकडे आलें. पुनीता अरोरा व पद्मा बंदोपाध्याय ह्यांच्यानंतर भारतीय सेनादलांत ह्या दर्जास पोंचलेल्या त्या तिसऱ्या स्त्री.

२०२१ च्या जुलैंत त्यांनीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचें कुलगुरुपद स्वीकारलें. १९९८ सालीं स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाचें मुख्यालय नाशिकला असलें, तरी क्षेत्र सारा महाराष्ट्र आहे. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपथी, परिचर्या इत्यादि शाखांचीं शेंकडों महाविद्यालयें त्याला संलग्न आहेत. पुण्याचें तें लष्करी महाविद्यालयही त्यांतलेंच. म्हणजे अधिष्ठाता असतांना ज्या विद्यापीठाचे नियम त्यांना पाळावे लागले, त्याच विद्यापीठाचें सुकाणूं त्यांच्या हातीं आलें.

सैन्यांत अधिकाऱ्याचा हुकूम सुटला कीं तो शेवटच्या शिपायापर्यंत पोंचतो. विद्यापीठांत तसें नसतें. अभ्यासक्रम विद्यापरिषदेपुढें जावा लागतो, खर्च व्यवस्थापन परिषदेपुढें, परीक्षा परीक्षा-मंडळापुढें. महाविद्यालयांचे चालक निराळे. त्यांतलीं पुष्कळशीं खासगी संस्थांचीं. शिवाय अखिल भारतीय नियामक संस्थांचे नियम वर असतातच. येथें कुलगुरूला आज्ञेपेक्षां समजावणीनें आणि कायद्याच्या आधारानें काम करून घ्यावें लागतें.

ह्याचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आलेला आपला पालघर जिल्हा पाहा. एका टोंकाला वसई-विरारची दाट वस्ती, दुसऱ्या टोंकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगरांतले पाडे. लष्करी डॉक्टरला बर्फांतल्या ठाण्यावर जा म्हटलें कीं जावें लागतें. आपल्या पदवीधरानें मोखाड्यास जावें, असा हुकूम विद्यापीठाला काढतां येत नाहीं. सक्तीच्या सेवेचे जे नियम आहेत, ते शासनाचे. विद्यापीठाच्या हातीं त्याआधींचीं वर्षें असतात. महाविद्यालयांत खरोखर अध्यापक आहेत काय, संलग्न रुग्णालयाच्या खाटांवर खरे रुग्ण आहेत काय, आंतरवासितेंतला ग्रामीण आरोग्य केंद्रांतला काळ विद्यार्थ्यानें तेथें राहून काढला कीं केवळ कागदावर, परीक्षा वेळेवर व निर्मळपणें झाली काय, हें पाहणें त्याचें काम आहे. प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करण्याची आणि ठरलेली वेळ मोडूं न देण्याची लष्करी संवय येथें उपयोगी पडते, आणि तिची किंमत मोठी आहे.

मात्र ती संवय एकट्या कुलगुरूच्या अंगीं असून भागत नाहीं. पद ठराविक मुदतीचें असतें. माणसें येतात आणि जातात. ती शिस्त महाविद्यालयांच्या नित्याच्या कारभारांत मुरली, तरच टिकते. तापलेलें मूल कडेवर घेऊन वसईच्या दवाखान्यांत आलेल्या आईला कुलगुरूंचें नांव ठाऊक नसतें. भिंतीवर टांगलेल्या पदवीपत्रावर विश्वास ठेवून ती आंत येते. तो विश्वास खरा ठरविणें, ह्याच कसोटीवर कोणत्याही कुलगुरूचें, मग तो सेनानी असो वा प्राध्यापक, काम जोखलें पाहिजे.